आधी काच बघ

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. संशोधनाचा आराखडा दुसऱ्यांदा परत आला, ‘फोटोग्राफर राजा दीनदयाळांवर सगळं लिहून झालंय, तुम्ही नवीन काय सांगणार?’ असं समितीनं विचारलं, आणि तू ते मनाला लावून घेतलंस. मग तीन पानं भरून ‘नवा दृष्टिकोन’ मांडलास. वाचताना आधी हसू आलं, मग राग आला. तीन पानांत एकाही फोटोचा उल्लेख नाही. एकाही!

काचा बघितल्यास का?

मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेला, रुरकीला शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारा माणूस पुढे फोटोग्राफर होतो आणि निजामाकडून ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळवतो, ही गोष्ट सांगून झाली आहे, समितीचं तेवढं खरं. पण दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह आहेत. पुस्तकांतून फिरतात त्या त्यांतल्या किती? तेच ते दरबार, त्याच शिकारी, तेच हत्ती. उरलेल्यांत कोण बसलंय, हे तू मला सांगायचंस. त्यासाठी दृष्टिकोन नंतर लागतो, आधी डोळे लागतात.

छापील फोटो कापलेला असतो, काच कापलेली नसते. मागचा पडदा कुठे संपतो, खुर्चीच्या मागे काय ढकलून ठेवलंय, मूल हलू नये म्हणून कुणाचा हात आत आलाय, हे सगळं कडेला असतं आणि छापताना कडाच जातात. तिरप्या उजेडात धरलीस तर चेहरा नितळ दिसावा म्हणून गालावरून फिरलेली रिटचिंगची पेन्सिल दिसेल. मूळ काचा तुझ्या हातात देतील न देतील. निदान कडांसकट, न कापलेला स्कॅन माग. मिळेपर्यंत माग.

आता माझं सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी ते यायचंच. मी अल्बममधल्या छापील फोटोंवर काम केलं. माझ्या प्रबंधात चार पानं एका वधूवर आहेत. तिनं काळं लुगडं नेसलंय, म्हणजे ती रूढी मोडतेय, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं. परीक्षकांनी कौतुक केलं, पदवी मिळाली. पुढे एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं सहज विचारलं, ‘बाई, शालू लाल असेल ना?’ त्या काळच्या प्लेटांना, म्हणजे या काचांना, निळा उजेड चटकन कळायचा, लाल जवळजवळ कळतच नसे. लाल शालू काळा येतो, कुंकू काळं येतं, निळं कापड मात्र फिकं पडतं. माझी बंडखोर वधू चारचौघींसारखी लाल शालू नेसून बसली होती. ती चार पानं अजून ग्रंथालयात आहेत. कुणीतरी त्यांचा आधारही दिलाय.

म्हणून कातडीच्या रंगावरून, कपड्याच्या गडदपणावरून तू काही ठरवशील तेव्हा मला आठव. आधी काच बघ, आणि ती काच काय बघू शकत नव्हती तेही बघ.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागलेली आहे. एका तालुक्याच्या गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओत माळाभर प्लेटा होत्या. पावसाळा संपला की जाऊ म्हटलं. दिवाळीनंतर गेले तर धुऊन, पुसून काचेच्या भावानं विकून टाकलेल्या. घरच्यांना काय दोष द्यायचा, त्यांना माळा हवा होता. त्या वेळी मी सैद्धान्तिक प्रकरण लिहीत होते. ते प्रकरण चांगलं झालं होतं, असं मला आजही वाटतं, ही त्यातली वाईट गोष्ट. त्यानंतर मी हट्टी झाले. एकेक काच बघून, तिची नोंद करून मगच लिहायचं. त्यामुळे पुस्तकं कमी झाली, लोक ‘संथ’ म्हणाले. म्हणोत. जे लिहिलं ते खोडावं लागलं नाही.

तू दीनदयाळांच्या १८९२ च्या जनाना स्टुडिओचा एका ओळीत उल्लेख केलायस. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी जागा, कॅमेऱ्यामागे बाई, आणि तू एका ओळीत पुढे जातोस? पण धावत सुटू नकोस. कुठली काच तिथली, हे काचेवरूनच सिद्ध करता येतं का ते पाहा: मागचा तोच पडदा, तोच गालिचा, तीच मोडकी खुर्ची पुन्हा कुठे येते? निगेटिव्हला क्रमांक आहेत. क्रमानं लाव, मात्र क्रमांक म्हणजे तारीख असं धरून चालू नकोस. नाव न सापडलेल्या माणसाला ‘अज्ञात’ म्हणून बाजूला सारू नकोस. त्याचा क्रमांक लिही, खुर्ची लिही, पायात काय आहे ते लिही. शंभर झाल्या की मला पाठव. आराखडा तोवर राहू दे.

सोबत माझं भिंग पाठवते आहे. काम झालं की परत कर, मला अजून लागतं.

तुझी,
बाई