शाफ्ट किती जाड घ्यायचा?

प्रश्न: ५ किलोवॅटची मोटर आहे, गिअरबॉक्समधून बाहेर ३०० आरपीएम मिळतात. मोटरचा शाफ्ट बारीकच आहे, मग पुढचा भरीव गोल शाफ्ट पण तेवढाच चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, कारण पॉवर तीच असली तरी स्पीड कमी झाला की टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो आणि शाफ्टला पीळ बसतो तो टॉर्कचा, पॉवरचा नाही. टॉर्क काढायचा तर ९५५० (किलोवॅट आणि आरपीएमसाठीचा ठराविक आकडा) गुणिले ५ भागिले ३००, म्हणजे साधारण १५९ न्यूटन-मीटर. आता साध्या स्टीलला शिअर स्ट्रेस (पिळामुळे येणारा, चालण्यासारखा ताण) ४० मेगापास्कल धरा, १६ गुणिले टॉर्क (न्यूटन-मिलिमीटरमध्येच घ्या, इथेच बरेच जण घसरतात) भागिले (पाय म्हणजे ३.१४ गुणिले ४०), आणि त्याचं घनमूळ. व्यास २७.३ मिमी येतो. पण शाफ्टवर चावीची (पुली वगैरे घसरू नये म्हणून बसवायच्या पट्टीची) खाच पाडणार असाल तर ४० ऐवजी ३० च धरा, मग व्यास ३० च्या किंचित वर जातो, म्हणून मी सरळ ३५ घेईन, त्या मापाची बेअरिंग सहज मिळते. आणि हो, हा हिशोब फक्त पिळाचा आहे, शाफ्टवर पुली किंवा चेन स्प्रॉकेट असेल तर वाक पण येतो, तो धरायलाच हवा.