दुरुस्तीचे पैसे गेले, ट्रक पुन्हा उभा: एफडी मोडायची का?

नमस्कार. तुम्ही कळवलंय ते असं: तीन आठवड्यांपूर्वी डीलरच्या वर्कशॉपमध्ये ट्रकचे चार इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलले, १,६२,००० रुपये भरले. कांद्याच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि गाडीची ओढ पुन्हा गेली. आता तेच वर्कशॉप म्हणतंय की इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या हाय प्रेशर पंपाने धातूचा चुरा सोडलाय, पंप, रेल (पंपातून इंजेक्टरकडे डिझेल नेणारी नळी) आणि इंजेक्टर सगळंच बदलायचं, खर्च २,८०,०००, आणि दोष तुमच्या डिझेलचा. ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून दिलंत तर २५ टक्के सूट. ४ लाखांची एफडी मोडून विषय संपवू का, असं विचारलंत.

त्या कागदावर सही करू नका. सूट धरून २,१०,००० होतात. बाहेरच्या पंप-नोझल दुरुस्तीवाल्याने तुम्हाला १,९०,००० सांगितलेत. म्हणजे सूट देऊनही डीलर २० हजारांनी महागच, आणि वर आधीच्या १,६२,००० वरचा तुमचा हक्क एका सहीत जातो. त्यातले निम्मे जरी परत मिळाले तरी ते ८१,००० आहेत.

तुमची बाजू किती भक्कम? पंप झिजला की चुरा रेलमधून इंजेक्टरपर्यंत जातो आणि उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनने टाकीतही उतरतो. म्हणून नवे इंजेक्टर बसवण्याआधी फिल्टर आणि रेल उघडून पाहणं वर्कशॉपचंच काम होतं. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, त्याची नोंद नसेल तर तुमचं म्हणणं वजनदार आहे. पण ढाब्यावरचं स्वस्त डिझेल कधी भरलं असेल, किंवा फिल्टर वेळेवर बदलला नसेल, तर डीलर तेच पुढे करणार. पाण्याने आलेला गंज पंपात दिसतो. तेव्हा डिझेलच्या पावत्या आजच शोधा आणि स्वतःशी खरं बोला.

सगळ्यात घाईचं काम पुराव्याचं. एकदा पंप बदलला की सिद्ध करायला काही उरत नाही. जॉब कार्ड, स्कॅनरचा रिपोर्ट आणि काढलेले जुने इंजेक्टर लेखी मागा. गाडी टो करून बाहेर न्या. पंप उघडताना फोटो, व्हिडिओ घ्या, टाकीतल्या डिझेलचा नमुना सीलबंद करा आणि पंप-नोझलवाल्याकडून लेटरहेडवर निष्कर्ष लिहून घ्या. टोचिंगचे चार पैसे जातील, जाऊ द्या. वर्कशॉपने तपासणीचे पैसे मागून गाडी अडवली तर ‘हरकत राखून’ असं लिहून भरा. केलेल्या कामाच्या पैशांसाठी गाडी ठेवून घेण्याचा अधिकार त्यांना १८७२ च्या करार कायद्याने दिलेला आहे, तिथे वाद घालण्यात दिवस घालवू नका.

ट्रक धंद्याचा असला तरी तुम्ही ‘ग्राहक’ ठरू शकता. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पोटापाण्यासाठी स्वतः ट्रक चालवणारा ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसं असली तरी. तुमचा एकच ट्रक, स्टिअरिंगवर तुम्ही स्वतः, म्हणजे हे तुम्हाला लागू पडतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि डीलरबरोबर ट्रक बनवणाऱ्या कंपनीलाही लेखी नोटीस द्या. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. मात्र निकालाला कायद्यात लिहिलेल्या महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्या पैशांवर घरातला एकही खर्च बेतू नका.

आता एफडी. मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. बँका साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, पर्सनल लोनपेक्षा कितीतरी कमी. १,९०,००० त्यातून, आणि ट्रकच्या कर्जाचे ४१,००० चे दोन हप्तेही त्यातूनच बाजूला ठेवा. डीलरचा राग फायनान्स कंपनीवर काढून हप्ता थांबवायचा विचार तुमच्या पत्रात डोकावतोय. तसं केलंत तर गाडी ओढून नेतील आणि वाद डीलरशी राहणारच नाही. पुरावा गोळा झाला की त्याच दिवशी बाहेर काम सुरू करा. गाडी उभी राहिल्याने रोज ३,००० बुडतात असं तुम्हीच लिहिलंय. बुडालेल्या भाड्याची तारीखवार नोंद ठेवा, तक्रारीत तीही मागता येते.