वाचकांचे प्रश्न : अडीच फूट जाड भिंत असून भीती कशाची?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं औसा तालुक्यात जुनं माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीच्या सपाट छताचं) घर आहे. भिंती दगड-मातीच्या, अडीच फूट जाड. सासरे म्हणतात एवढ्या जाड भिंतीला काय होतंय, ९३ च्या भूकंपात पण उभी राहिली. माळवद गळतं म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी वरून माती टाकतोत. आता मिस्टरांच्या मनात आहे की माती काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकायचा. टाकावा का?

उत्तर : ताई, स्लॅबचं नंतर, आधी तुमच्या डोक्यावर आत्ता काय बसलंय ते बघा. दहा बाय बाराची खोली धरा आणि मातीचा थर फक्त एक फूट (वर्षानुवर्षं टाकताय म्हणजे जास्तच असणार, काही घरांत दोन फूट पण निघतो). माती घनफुटाला साधारण ४५ किलो, म्हणजे १२० घनफुटाची ५,४०० किलो झाली, आणि पावसात भिजली की सहा टनांच्या वर. हे वजन सरळ खाली दाबतंय तोवर भिंतीला काही होत नाही, दगड दाब मस्त सोसतो, म्हणून तर अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पण भूकंपात जमीन आडवी हलते. एसटीत डोक्यावर पोतं घेऊन उभा राहिलेला माणूस आणि रिकाम्या हाताचा माणूस, करकचून ब्रेक लागला की आधी कोण पडतं? जेवढं वजन तेवढा आडवा जोर. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाएवढा धरला तरी तुमची माती भिंतीला वरून टनभर जोराने आडवं ढकलणार, आणि भिंतीचं स्वतःचं वजन तर त्याहून जास्त आहे.

म्हणजे जाडीने वजनच वाढलं. बरं ती अडीच फुटाची भिंत आतून एकसंध पण नसते, आतल्या बाजूने एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मधे बारीक दगड आणि चिखल भरलेला. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात मधला भराव खाली बसतो आणि दोन्ही बाजूंना ढकलतो, मग भिंतीला पोट सुटतं आणि थर वेगळे होऊन कोसळतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला किल्लारी, सास्तूर भागात हेच झालं, गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते आणि दगड-माती सगळी अंगावर आली. भूकंप ६.२ चा, जगात याहून मोठे कितीतरी होतात, पण हजारो माणसं गेली ती या बांधकामापायी, हे मला आजही फार लागतं. जिथं तुळया भिंतीवर न ठेवता लाकडी खांबांवर होत्या तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या तरी छत वर राहिलं. तुमच्या घरात तुळया कशावर टेकल्यात ते आजच बघा. आणि भिंतीच्या वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा, दोरी मधेच भिंतीला टेकत असेल तर पोट सुटलेलं आहे, त्या भिंतीजवळ लेकरांना झोपवू नका.

आता स्लॅब. पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर साडेतीन टनाच्या आसपास भरतो, म्हणजे मातीपेक्षा हलकाच. पण खालची दगड-मातीची भिंत निसटली तर तो अख्खा एका तुकड्यात खाली येतो, म्हणून या भिंतींवर नको म्हणजे नकोच. माती मात्र उतरवा, गळतीसाठी पातळ थर आणि वर प्लास्टिक कागद पुरतो. भिंतीत जागोजागी दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात आकडा मारलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, आणि दारं-खिडक्यांच्या वर घराला चारी बाजूंनी आतून-बाहेरून वेल्डेड जाळी आणि सिमेंटचा पट्टा. लातूरकडे भूकंपानंतर अशी दुरुस्ती झालेली आहे, गवंड्याला सांगताना इंजिनिअर सोबत ठेवा. नवीन भिंत बांधली तर दीड फुटापेक्षा जाड नको आणि आरपार दगड दर दोन फूट उंचीला, आडवे चार-चार फुटांवर.

प्रश्न : मग पत्राच बरा ना? आमचा मे महिन्यात वाऱ्याने उडाला, आता वर दगड ठेवलेत. (वाचक, निलंगा)

उत्तर : भूकंपाला पत्रा चांगलाच, पण दगड आज उतरवा, हादऱ्यात नाहीतर वाऱ्यात तेच खाली येतील. ताशी १०० किमीचा वारा चौरस मीटरला ४५ किलोच्या आसपास जोर लावतो आणि छतावर त्याचा बराचसा भाग उचलायचं काम करतो, पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत पाचएक किलो. आणि दार उघडं राहिलं की वारा आत शिरून खालून पण ढकलतो. जे-हूक (पत्रा पाइपाला आवळणारे वाकडे बोल्ट) वळचणीला आणि कोपऱ्यांत जवळजवळ मारा, तिथंच सगळ्यात जास्त ओढ बसते. आणि पत्रा ज्या पाइपांवर आहे ते पाइप भिंतीत खोल सळईने बांधलेत का बघा, नाहीतर पत्रा पाइपासकट जातो.