‘चक्कर’, ‘घेरी’, ‘भोवळ’ आणि ‘गरगरणे’

प्रश्न असा आहे : चक्कर येणे, घेरी येणे, भोवळ येणे हे तिन्ही एकच का? आणि डॉक्टर ज्याला ‘व्हर्टिगो’ म्हणतात, त्याला यांतला नेमका शब्द कोणता?

व्युत्पत्तीच्या मागे गेलं तर फसगत होते, कारण तिन्ही शब्दांच्या पोटात फिरणंच आहे. चक्कर चक्रावरून आली, भोवळ ही भोवणे-भोवरा यांच्या कुळातली, आणि घेरी ‘घेर’च्या जवळची. व्हर्टिगोही तसाच. तो लॅटिनमधल्या ‘वळणे, फिरवणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि ते क्रियापद आपल्या ‘वर्तुळ’मधल्या ‘वृत्’ धातूच्या नात्यातलं. मूळ अर्थ सगळ्यांचा एक असला तरी वापराने वाटा वेगळ्या केल्या.

‘भर सभेत भोवळ येऊन कोसळले’ ही बातमी वाचताना मंडप फिरताना कुणाला दिसत नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, पाय गेले, असंच आपण समजतो. म्हणजे भोवळ आज शुद्ध हरपण्याच्या उंबरठ्यावरचा शब्द झाली आहे. घेरी आणि झीट यांचा कलही तिकडेच. निर्जळी उपासाने येते ती घेरी. चक्कर मात्र सर्वसमावेशक. गरगरलं तरी चक्कर, अंधारी आली तरी चक्कर, चालताना झोक गेला तरी चक्कर, आणि शुगर उतरून हातपाय थरथरले तरी चक्करच. सुश्रुतसंहितेत मूर्च्छा आणि भ्रम वेगळे मांडलेले आहेत. बोलीत आपण दोन्ही एका गोणीत भरले.

तेव्हा भाषांतरासाठी माझी शिफारस सरळ आहे : व्हर्टिगोला ‘गरगरणे’. ‘मला गरगरतंय’ म्हणणारा माणूस स्वतः स्थिर असताना घर फिरल्याचं, किंवा घर जागेवर असताना आपण फिरल्याचं सांगत असतो. शुद्ध जाईलसं वाटणं म्हणजे ‘अंधारी येणे’ किंवा ‘भोवळ येणे’. उभं राहिल्यावर, चालताना जाणवतं ते ‘तोल जाणे’. ‘चक्कर’ हा छत्रीशब्द राहू द्यावा. औषधाच्या चिठ्ठीवर ‘चक्कर येऊ शकते’ एवढंच लिहिलं तर चालतं, पण तपासणीच्या फॉर्मवर चालत नाही.

मात्र शब्द कितीही नेटका निवडला तरी निदान त्यावर टांगू नये. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तातडीच्या विभागातल्या रुग्णांना चक्करेचा प्रकार निवडायला सांगितला आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सुमारे निम्म्यांनी उत्तर बदललं. किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, यांची उत्तरं त्या मानाने पक्की निघाली. म्हणून ‘कशी चक्कर येते?’ यापेक्षा ‘कूस बदलताना येते का? किती सेकंद?’ हा प्रश्न कामाचा.

कूस बदलताना, उशीवर डोकं टेकताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, ही बहुधा कानातल्या खड्यांची चक्कर. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत, बहुतेकदा मागच्या, शिरतात. आपल्याकडे मात्र ‘मान वर केली’ एवढं ऐकलं की दोष मानेच्या मणक्यावर जातो, गळ्यात पट्टा येतो आणि चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने चालतात. खडे गोळीने जागेवर जात नाहीत; उलट प्रोक्लोरपेराझिनसारखी गोळी लांबली तर हातपाय कंप पावू लागतात, हालचाली मंदावतात.

यासाठी डिक्स-हॉलपाइक चाचणी आहे, 1952 सालची. रुग्णाला पलंगावर बसवून डोकं एका बाजूला 45 अंश वळवायचं आणि झटकन आडवं करायचं, डोकं कडेच्या खाली साधारण 20 अंश लोंबेल असं. डोळे उघडे हवेत. दोन-चार सेकंद काही होत नाही, मग बुबुळं झटके देत, पीळ घेत वर सरकतात आणि मिनिटाच्या आत शांत होतात. खालचा कान दोषी. लगेच खडे जागेवर नेणारी एप्लीची युक्ती : डोकं तिथेच अर्धा-एक मिनिट, मग दुसऱ्या बाजूला 90 अंश, मग अंगासकट कुशीवर वळून नाक जमिनीकडे, आणि शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून उठून बसणं. घरी व्हिडिओ बघून करणारे दोन ठिकाणी चुकतात : कान चुकीचा धरतात, आणि वळताना डोकं वर उचलतात, त्यामुळे खडा परत मागे घरंगळतो. मानेचा गंभीर आजार असेल तर स्वतः करू नये.

अंधारीचा हिशेब निराळा. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजायचं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर आधी बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांची यादी तपासावी. खड्यांचे व्यायाम इथे निरुपयोगी. आणि चक्करेबरोबर दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, अचानक भयंकर डोकं दुखणं किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं यांतलं काहीही असेल, तर ते अर्धांगाचं असू शकतं : थेट रुग्णालय.

राहिला उंचीचा प्रश्न. गच्चीवरून खाली बघताना भीती वाटते, त्याला हल्ली सर्रास व्हर्टिगो म्हणतात. वैद्यकात तो निव्वळ भीतीचा प्रकार, कानाचा नव्हे. मराठीत त्याला जुना सोयीचा वाक्प्रचार आहेच : डोळे फिरणे.