कासारवडवली की खारघर?

शाळांचे प्रवेश सुरू झाले की माझ्याकडे एक ठरलेली तक्रार घेऊन जोडपी यायला लागतात. ‘घर कुठे घ्यायचं यावर आमचं एकमतच होत नाही. चुकीच्या जागी घेतलं तर वीस वर्षं हप्ते भरत पस्तावू आणि पोरीचंही नुकसान करू.’ विषय इतका व्यवहारी की त्यासाठी समुपदेशकाकडे जायचं असतं, हेच लोकांना पटत नाही. इस्टेट एजंट झाले, बँक झाली, दोन्हीकडचे नातेवाईक झाले, की मग नौपाड्यातला माझा जिना चढतात.

त्यातलीच एक केस, दोघांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

ती ठाण्यातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स, तिन्ही शिफ्टची ड्युटी. तो महाप्याला एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला. मुलगी सीनियर केजीत. शिवाय त्याची आई. राहायला कळव्यात, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी नसलेल्या इमारतीत. तिला ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या एका टॉवरमधला फ्लॅट हवा होता. अजून बांधकाम चालू, पण मुलीसाठी तिच्या मनात भरलेली शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. त्याला नवी मुंबईत, पनवेलच्या बाजूचं खारघर हवं होतं. चुलतभाऊ तिथे राहतो, रस्ते रुंद, तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त. भावाचं पालुपद एकच: ‘एअरपोर्टमुळे भाव बघ कुठे जातात.’

पहिल्याच भेटीत त्याने लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट दाखवली. कर, शाळा, रस्ते, पाणी, दर चौरस फुटाचा भाव, सगळ्यांना दहापैकी गुण. सगळ्यात वरची ओळ मालमत्ता कराची, आणि खारघरच्या चौकटीला लाल रंग. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. त्याआधीपासून खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीला सेवाशुल्क भरत होते. पुढे महापालिकेची बिलं आली ती २०१६ पासूनची मागची थकबाकी धरून. दोनदा पैसे का भरायचे म्हणून लोकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ठाण्याच्या बाजूला हिरवा रंग होता, कारण ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तिथे मालमत्ता करातला सामान्य कर हा भाग माफ आहे. पण कासारवडवलीचा तिचा फ्लॅट ५०० च्या वर जात होता. म्हणून तोही निम्मा पिवळा.

‘मॅडम, हा माणूस वर्षाच्या काही हजारांसाठी पोरीची शाळा घालवणार,’ ती म्हणाली.

वरवर पाहता तिचं बरोबर होतं. मालमत्ता कराच्या दोन बिलांतला फरक फार तर वर्षाला काही हजारांचा. कासारवडवलीच्या ९० लाखांच्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी म्हणजे साडेचार लाख, आणि ओसी मिळालेलं तयार घर घेतलं तर तो शून्य. खारघरला सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, पुनर्विक्रीच्या घराला हस्तांतरण शुल्क. घोडबंदर पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे धरलेले असतात. करासारखेच ते दर महिन्याला जातात, फक्त त्यांना कर म्हणत नाहीत. हिशेबनीस माणसाला हे कळत नव्हतं थोडंच! शीटमध्ये सगळं होतं, खाली ‘इतर’मध्ये. मग वरच्या ओळीत मालमत्ता करच का?

मी विचारलं, कराचं बिल आलं की घरात काय व्हायचं? त्याने जे सांगितलं त्याने शीटचा रंगच बदलला. वडील कराची पावती न चुकता फाइलला लावायचे. घरी कोणी ‘तुमची बिल्डिंग अनधिकृत ना?’ म्हटलं की तीच फाइल काढून दाखवायचे. पालिका कर घेते म्हणजे आपण कायदेशीर, ही त्यांची समजूत. तो आठवीत असताना जिन्यात नोटीस चिकटली, तेव्हा कळलं की अनधिकृत बांधकामालाही कर लागतो आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. इमारत पडली नाही, आजही उभी आहे. पण नोटीस वाचताना वडिलांचा चेहरा कसा झाला होता ते सांगताना त्याचा आवाज बदलला.

त्याला चिकटपणा म्हणून चालणार नव्हतं. मागाहून कुणीतरी कागद घेऊन दारात उभा राहील, ही भीती होती. त्या भीतीसाठी मी त्याला सरळ व्यावहारिक काम दिलं, कारण अशा भीतीवर नुसतं बोलून भागत नाही. दोन्ही घरांची ओसी, महारेरा म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची नोंदणी, सोसायटीचं ना हरकत, मागच्या मालकाची कराची थकबाकी, हे सगळं वकिलाकडून तपासून घे आणि मग कराची ओळ कुठे ठेवायची ते ठरव. पुढच्या भेटीला ती ओळ आपोआप खाली गेली होती.

याच सुमाराला तिच्या न्यू जर्सीतल्या भावाने आणखी एक तर्क पाठवला. ‘जिथे मालमत्ता कर जास्त तिथे शाळा चांगली, डोळे मिटून घ्या.’ तिकडे ते खरं आहे, कारण तिथल्या सरकारी शाळांचा मोठा खर्च त्या-त्या गावच्या मालमत्ता करातून चालतो. लोक कर भरतात आणि मुलं त्याच गावच्या शाळेत फुकट शिकतात. आपल्याकडे ते गणित लागू नाही. आपल्या बिलावर शिक्षण कराची ओळ असते खरी, पण राज्याचा तो कर १९६२ च्या कायद्याखाली महापालिका राज्य सरकारसाठी गोळा करते. आपल्या गल्लीतली शाळा कशी आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कर भरूनही बहुतेक मध्यमवर्गीय पोरं खासगी शाळेत जातात, तेव्हा शाळेची फी आणि बसचे पैसे हाच त्यांचा खरा शिक्षण कर. मी हे बोलले तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि त्याने शीटमध्ये बसची फी टाकली.

दुसऱ्या भेटीत मी शीट बाजूला ठेवायला सांगितली आणि कोरे कागद दिले. जुलैतला एक मंगळवार लिहा. कासारवडवलीचा एक, खारघरचा एक. घरातल्या चौघांचा वेगवेगळा, उठल्यापासून झोपेपर्यंत, घड्याळाप्रमाणे. हा माझा नेहमीचा प्रयोग आहे आणि मला तो गुण देण्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. ‘रस्ते: दहापैकी सहा’ असं लिहिलं की त्या सहामध्ये कुणाची झोप गेली, ते दिसत नाही.

कासारवडवलीच्या मंगळवारात त्याने संध्याकाळी घरी पोचायची वेळ लिहिली साडेसात. तिने पेन घेऊन शेजारी लिहिलं, ‘पाऊस?’ त्याने खोडून सव्वाआठ केलं. ‘विटावा?’ तिने पुन्हा लिहिलं. महाप्याहून ठाण्याला येताना लागणाऱ्या विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की काय होतं, हे कळव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ऐरोली पुलावरून फिरून यायचं म्हटलं तर हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, पण वेळ कोण माफ करणार? त्यानंतर माजिवडा, कापूरबावडी आणि पुढे मेट्रो ४ च्या कामातून, अवजड गाड्यांच्या मागे मागे कासारवडवली. शेवटी त्याने नऊ लिहिलं आणि त्याखाली मुलीच्या रकान्यात ‘झोपली’.

खारघरचा मंगळवार त्याच्यासाठी सोपा निघाला. पनवेल–ठाणे ट्रान्सहार्बर गाडी खारघरला थांबते, कोपरखैरण्याला उतरून महापे. तिच्यासाठी तीच गाडी थेट ठाण्यापर्यंत, पण सकाळी साडेसातच्या शिफ्टला पहाटे किती वाजता उठायचं आणि रात्रीच्या शिफ्टला किती वाजता निघायचं, हे लिहिता लिहिता ती थांबली. तोही गप्प झाला. तोवर तिच्या प्रवासाचा त्याने ‘ट्रेन आहे ना’ एवढाच विचार केला होता.

दोन्ही कागदांवर एक जागा मात्र रिकामी होती. दुपारी एक ते संध्याकाळ. शाळा सुटल्यावर मुलगी कुणाकडे? त्याने दोन्हीकडे ‘आई’ लिहून टाकलं. तिने कासारवडवलीच्या कागदावर त्याच चौकटीत, बारीक अक्षरात, पुन्हा ‘आई’ लिहिलं.

‘लिहिलंय ना मी,’ तो म्हणाला.

‘माझी आई.’

तिचं माहेर मानपाड्याला. आई अजून हिंडती-फिरती, दुपारी नातीला आणायला येईन असं दोनदा म्हणालेली. त्याच्या आईचे गुडघे दुखतात, बीपी आहे, एकोणिसाव्या मजल्यावर दुपारभर पाच वर्षांच्या मुलीमागे एकटीने धावणं त्यांना जमणार नाही, हे नर्स असल्यामुळे तिला जास्त कळत होतं. पण ते बोलणं म्हणजे सासूला उणं बोलणं. शाळा हे कारण मात्र कुणालाही सांगता येतं.

‘मग हे आधी का नाही बोललीस?’

‘बोलले असते तर तू म्हणाला असतास, तुला माहेराजवळ राहायचंय.’

त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला असता, हे त्यालाही ठाऊक होतं.

एक सांगायला हवं. शाळा हा तिने काढलेला बहाणा होता, असं मला वाटत नाही. शाळा तिला खरोखर आवडली होती. पण एका कारणाच्या पाठीमागे दुसरं लपलं की पहिल्यावर तडजोड करता येत नाही. ‘दुसरी शाळा बघू’ म्हटलं की तिला माहेर हातचं गेल्यासारखं वाटायचं, आणि हे बाहेर कुणालाच दिसत नव्हतं. माहेर कागदावर आल्यावर शाळेबद्दलचा तिचा हट्ट बराच सैल झाला.

मी त्यांना एका कामाच्या दिवशी सकाळी कासारवडवलीच्या त्या रस्त्यावर उभं राहायला पाठवलं, सुट्टीच्या दिवशी सॅम्पल फ्लॅट बघायला नव्हे. तिथे गेटवर एका आईने त्यांना शाळेच्या बसचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला. ‘बस अजून पातलीपाड्यालाच’, ‘आज कापूरबावडीला जाम’, रोजचं. फ्लॅट शाळेजवळ असला तरी शिक्षिका त्याच रस्त्याने येतात, हे त्यांना तिथे कळलं.

त्याच्या चुलतभावाच्या ‘एअरपोर्टमुळे’चाही निकाल लावायचा होता. भविष्यातल्या सोयींना आजच्या कागदावर गुण द्यायचे नाहीत, असं माझं ठाम मत आहे. नवी मुंबई मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि बेलापूर ते पेंधर गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. काम सुरू होताना मेट्रोच्या भरवशावर तळोज्याकडे घर घेणाऱ्याचं पहिलीतलं मूल गाडी येईपर्यंत बारावी ओलांडून गेलं. मेट्रो चांगलीच आहे, पण त्या मुलाच्या शाळेच्या दिवसांत तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

तिसऱ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. तोवर त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं. दोघांनीही त्यांना परस्पर गृहीत धरलं होतं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पाणी किती वाजता येतं, खाली रिक्षा मिळते का आणि लिफ्ट बंद पडली तर काय? मला एक्सेलच्या सगळ्या ओळींपेक्षा हे तीन प्रश्न वजनदार वाटले. मग म्हणाल्या, ‘विहीणबाई दुपारी येणार असतील तर मला काय, बरंच आहे. पण त्यांनी येऊन-जाऊन दमायला नको.’

एवढ्यावर शोधाचा पट्टाच बदलला. मानपाड्याच्या अलीकडे, पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला, पंचविशी गाठलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी वन बीएचके घेतलं. टॉवरच्या टू बीएचकेच्या मानाने लहान, पार्किंग नाही. ओसी आहे. ३० वर्षं झालेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असतं. यांनी ती वेळ यायच्या आधीच सोसायटीकडून जुना अहवाल मागून घेतला. तो स्टेशनला जाऊन ट्रान्सहार्बर पकडतो. शाळा पायी दहा मिनिटांवर, तिने आधी धरून बसलेली नव्हे. घर ५०० चौरस फुटांच्या आत असल्याने सामान्य कर माफ, हे त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मी मनापासून अभिनंदन केलं.

कागद तिच्या एकटीच्या नावावर करून मुद्रांक शुल्कातली महिलांची १ टक्क्याची सवलत घ्यायची का, यावर मात्र आणखी एक अख्खं सत्र गेलं. संयुक्त नावात नवरा आला की ती मिळत नाही. घर कुणाचं, हा प्रश्न तिथे उघडा पडतो, आणि तो एका परिच्छेदात मावणारा नाही.

तुमच्याही घरात हाच वाद चालू असेल तर जुलैतला मंगळवार जरूर लिहून बघा, आणि एका चौकटीत दोघांनी वेगवेगळी माणसं धरली आहेत का ते तपासा.

या कुटुंबाची पुढची वेळ ठरली आहे. नातीला दुपारी गरम वरणभात द्यायचा की शाळेतून आल्याबरोबर पोळीभाजी, यावरून दोन्ही आज्यांमध्ये कुरबुर सुरू झाली आहे, आणि मुलीने चतुराईने दोन्हीकडे जेवायचं सोडून बिस्किटं मागायला सुरुवात केली आहे.