वाचकांचे प्रश्न : शांतारामबापूंचे पाच चित्रपट कोणते दाखवावेत?

प्रश्न : लोकमान्यनगरातील आमच्या वाचक मंडळाने या हिवाळ्यात, दर रविवारी एक याप्रमाणे, व्ही. शांताराम यांचे पाच चित्रपट सभासदांना दाखवायचे ठरवले आहे. मंडळात ऐंशीच्या घरातल्या आजी आहेत आणि मराठीपेक्षा हिंदीच सराईतपणे बोलणारी त्यांची नातवंडेही आहेत. शांताराम म्हणजे रंग आणि नाच, त्यामुळे पाच आठवडे तेच ते वाटेल, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. कोणते पाच निवडावेत आणि ते मराठीत दाखवावेत की हिंदीत?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमच्या सभासदांच्या मनात ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) हे दोन रंगीत चित्रपट ठसलेले दिसतात. त्यांना एवढेच सांगावे की या दोहोंच्या मधोमध, १९५७ साली, याच दिग्दर्शकाने ‘दो आँखें बारह हाथ’ कृष्णधवल काढला. रंगाने भरभरून यश दिलेले असताना तो बाजूला ठेवायला धाडस लागते. पण उजाड माळ, सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर या कथेला रंग मानवले नसते, असे मला मनापासून वाटते. शांतारामबापूंचे अष्टपैलुत्व मी यातच मानतो. विषय तर अनेकांनी बदलले, पण प्रत्येक विषयाला कोणती रीत शोभेल याचा विचार ते दर वेळी नव्याने करत.

म्हणून सुरुवात याच चित्रपटाने करावी. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना नातवंडांनी शाळेत म्हटलेली असण्याचा संभव मोठा आहे, आणि ओळखीचे गाणे त्याच्या मूळ जागी ऐकताना मुले आपोआप सावरून बसतात. औंध संस्थानात स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ही कथा रचली होती. कैदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात रास्त भावाने विकायला बसतात, व्यापाऱ्यांची माणसे त्यांच्यावर तुटून पडतात आणि एकेकाळी खून केलेले ते हात दिलेल्या शब्दाखातर उगारले जात नाहीत, तो प्रसंग पाहताना आजही घशाशी आवंढा येतो. बैलाबरोबरच्या झटापटीचे चित्रण करताना शांतारामबापूंच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती, हेही मुलांना आधी सांगावे.

दुसऱ्या रविवारी ‘कुंकू’ (१९३७) दाखवावा, आणि तो मराठीतच. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो बेतलेला आहे. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते, आणि शांता आपटे यांनी तो नकार रडत-भेकत नव्हे, ताठ मानेने उभा केला आहे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे जे आवाज असतील तेवढेच ऐकू येतात, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक हळूहळू त्या वृद्ध नवऱ्याच्या उरलेल्या दिवसांची मोजणी होऊन बसते. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांत त्याला स्वतःचेच वार्धक्य दिसते, त्या वेळी केशवराव दाते यांचा चेहरा नीट पाहावा. ज्याच्यावर आपण इतका वेळ चिडलेलो असतो, त्याचीच दया येऊ लागते. माझी एक कळकळीची विनंती आहे : त्या दिवशी सभागृहातले पंखे बंद ठेवा, दारे लावून घ्या आणि चहा मध्यंतरातच फिरवा. थंडीचे दिवस आहेत, कोणाची गैरसोय होणार नाही, आणि कपबशांच्या आवाजात हा चित्रपट अर्धा हरवतो.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला विशेष आनंद झाला. शांतारामबापू ज्या ‘प्रभात’ चित्रपट कंपनीत होते, तिचे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित होत, आणि दोन्ही भाषा घरात नांदणाऱ्या आपल्या इंदूरकरांना त्यांतली निवड करण्याची चैन परवडते. ‘शेजारी’ (१९४१) मी मात्र हिंदीत, म्हणजे ‘पड़ोसी’ म्हणून, दाखवीन. बुद्धिबळाचा पट मांडून बसणाऱ्या दोन वृद्ध मित्रांची, एका हिंदूची आणि एका मुसलमानाची, ही गोष्ट. हिंदीत हिंदू मित्राची भूमिका मजहर खान यांनी केली आहे आणि मुसलमान मित्राची गजानन जागीरदारांनी. चित्रपटाला जे सांगायचे आहे ते या अदलाबदलीतच सांगून होते. धरण फुटण्याचा शेवटचा भाग लहानांनाही खिळवून ठेवील.

‘माणूस’ (१९३९) पुन्हा मराठीत. पोलीस शिपाई गणपत आणि मैना यांच्या या कथेतले ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे आजींना पाठ असेल. त्यात मैना वेगवेगळ्या प्रांतांच्या भाषांतली कडवी गाते, तिकडे मुलांचे लक्ष वेधावे.

शेवटी ‘पिंजरा’ (१९७२). येथे रंग आणि नाच दोन्ही आहेत, पण पहिले चार पाहून आलेल्या सभासदाला ते निराळे दिसतील, कारण तमाशाच्या प्रत्येक नाचागणिक डॉ. श्रीराम लागूंचा गुरुजी एकेक पायरी खाली उतरत जातो. शेवट आधी कोणी फोडू नये.

सहावा रविवार मिळाला, तर ‘अमृतमंथन’ (१९३४) घ्यावा, तोही पडदाभर दिसणाऱ्या राजगुरूच्या त्या एका डोळ्यासाठी.

प्रश्न : शांतारामांच्या श्रेष्ठ चित्रपटांत ‘संत तुकाराम’ का धरला जात नाही?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : कारण १९३६ सालचा तो चित्रपट ‘प्रभात’चा असला, तरी दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचे आहे. हे दोघे आणि शांतारामबापू ‘प्रभात’चे भागीदार होते, त्यामुळे ही गल्लत वारंवार होते. शांतारामबापूंचा संतपट पाहायचा असल्यास एकनाथांवरील ‘धर्मात्मा’ (१९३५) पाहावा. त्यात एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व आहेत.