बोटीला ९० हजार लावू का? आधी ती पॉलिसी बाहेर काढा

वारज्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, आयटीत नोकरी, महिन्याला हातात १ लाख ३५ हजार, पत्नी सध्या घरी, मुलगी सहावीत. होम लोन ३८ लाख बाकी, ईएमआय ३९ हजार, अजून १४ वर्षं. एफडी २ लाख, पीएफ २२ लाख, म्युच्युअल फंडात ९ लाख. मित्राबरोबर अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुनी फायबरची एंटरप्राइज, म्हणजे दोघांची शिडाची बोट घेतलीये, ती पवना धरणाच्या काठावर एका प्लॉटवर असते आणि पाण्यात घातली की अर्ध्या तासात घोट्याएवढं पाणी आत. फायबरवाल्याने अख्खा तळ नव्याने करायचे ९० हजार सांगितलेत, शिवाय २० हजारांचं शीड. एफडी मोडू की पॉलिसीवर लोन काढू, एवढाच प्रश्न. एजंट म्हणतो लोनच घ्या, व्याज नाही भरलं तरी चालतं. आणि शनिवार-रविवार भाड्याने देऊन महिन्याला २० हजार सुटतील असं दोघांचं गणित.

बोटीचं आधी उरकतो. अख्खा तळ करायची गरज आहे हे कोणी ठरवलं? ज्याला ९० हजार मिळणारेत त्याने. या बोटी सहसा तळभर गळत नाहीत, ठरलेल्या जागी गळतात. एनडीएत असताना खडकवासल्याच्या पीकॉक बे मध्ये शिडं ओढलेल्या एका ओळखीच्यांना विचारलं, ते म्हणाले पहिला संशय सेंटरबोर्डच्या (बोट आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडतात ती फळी) पेटीवर, पेटी तळाला जिथे जोडलीये तो सांधा, मग बोर्ड ज्या बोल्टवर फिरतो त्याचे रबरी वॉशर, मग सेल्फ-बेलरचं, म्हणजे चालत्या बोटीतलं पाणी आपोआप बाहेर काढणाऱ्या झडपेचं गास्केट. बोट काठाला नुसती उभी असतानाही पाणी येतं की वाऱ्यावर कलली की मगच, हे आधी बघा. उभ्या उभ्या येत असेल तर बोल्ट, बेलर किंवा सांध्यात सरळ भोक आहे, चालवतानाच येत असेल तर पेटी हलतेय आणि सांधा उघडतोय. (पेटीच्या वरून शिंतोडे येतात ती गळती नव्हे हो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.)

मग बोट ट्रॉलीवर घ्या, खालून नीट टेकू द्या, बाहेरचा तळ कोरडा पुसून पेटीच्या फटीच्या दोन्ही कडांना खडूची पूड फासा आणि आत दोन इंच पाणी सोडा, त्यात थोडा खायचा रंग. दोनच इंच बरं का, नुसती बोट ९०-९५ किलोची आणि तेवढ्या पाण्याचंच वजन दीडशे किलोच्या घरात जातं. दहा-पंधरा मिनिटांत पुडीवर रंगीत ओघळ दिसेल, तिथे मार्करने खूण. वॉशर असेल तर काही शेकड्यांत काम. सांधा असेल तर जुनं सगळं खरवडून, पूर्ण वाळवून, इपॉक्सी आणि ग्लास टेप, मजुरी धरून १२-१५ हजार. सिलिकॉन मात्र कोणाला फासू देऊ नका, नंतर त्यावर काहीच धरत नाही. आणि अर्धी बोट मित्राची ना? मग सगळा खर्च तुमच्या एकट्याच्या पत्रात कसा आला? तुमच्या वाट्याला ७ हजार येतात, ते पगारातून जातील. शीड पुढच्या दिवाळीला बघू.

आता भाड्याचं. पावसाळ्यात चार महिने बोट बंद, मे मध्ये पाणी उतरून काठापासून चिखल तुडवत जावं लागतं, थंडीत वारा पडलेला. धरण जलसंपदा खात्याचं, परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, आणि अनोळखी माणूस तुमच्या बोटीतून पाण्यात पडला तर पुढचं कोण निस्तरणार? महिन्याला २० हजार विसरा. हौस म्हणून ठेवा, हौसेला हिशोब लागत नाही, फक्त बजेट लागतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ सहज लिहिलीत, 'लोनला पॉलिसीचं कव्हर आहेच'. माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं. ती पॉलिसी ६ वर्षांपूर्वी होम लोनच्या फाइलसोबत आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) सही करून घेतलेली, वर्षाला १ लाख प्रीमियम, १५ वर्षं, सम अ‍ॅश्युअर्ड (विम्याची रक्कम) १४ लाख. साहेब, ही एन्डोमेंट आहे, म्हणजे थोडा विमा आणि बाकी बचत. आज तुमचं काही बरंवाईट झालं तर १४ लाख अधिक जमलेला बोनस सव्वातीन-साडेतीन लाख, म्हणजे साधारण १७ लाख येतील आणि लोन आहे ३८. उरलेले २१ लाख वहिनींनी कुठून आणायचे, पीएफ मोडून? आणि मग घरात खायचं काय? लोनसाठी विमा घ्यायची सक्ती नसते, हे त्या आरएमला पक्कं माहीत होतं, आणि घ्यायचाच तर टर्म (बचत नाही, नुसता विमा) घ्या म्हणायला त्याची जीभ रेटली नाही कारण टर्ममध्ये त्याला मिळतं ते किरकोळ. इन्कम टॅक्सच्या न्यू रेजीममध्ये असाल तर ८०सी च्या सवलतीचाही उपयोग नाही.

आणि याच तुटपुंज्या कव्हरवर तुम्ही १ लाख १० हजारांचं लोन काढणार. 'व्याज नाही भरलं तरी चालतं' म्हणजे साडेनऊ टक्क्यांनी ते चढत राहतं, ९ वर्षांनी अडीच लाख होतात आणि मॅच्युरिटीतून कापून घेतात. मधेच क्लेम आला तर क्लेममधून कापतात. एजंटने हे सांगितलं नसणार.

मग पॉलिसी फेकून द्यायची का? इथे थांबा, कारण आता बरेच जण चिडून सरेंडर करतात, म्हणजे मुदतीआधीच मोडून मिळतील ते पैसे घेतात. सुरुवातीपासून धरलं तर १५ लाख भरून २२ लाखांच्या आसपास मिळणार, म्हणजे जेमतेम ५ टक्के, वाईटच. पण भरलेले ६ लाख गेले ते गेले. तुम्हाला सरेंडरचे ४ लाख ६० हजार सांगितलेत. आज हप्ते बंद करून पॉलिसी पेड-अप केली तर ९ वर्षांनी ९ लाखांच्या घरात मिळतात, म्हणजे त्या ४ लाख ६० हजारांवर साडेसात टक्क्यांच्या वर सुटतं. आणि हप्ते चालू ठेवले तर पुढच्या ९ लाखांवर पेड-अपपेक्षा १३ लाख जास्त, तेही आठ टक्क्यांच्या आसपास, टॅक्स नाही. बोनस आत्तासारखा राहिला तर, हे अर्थात आलंच. पीपीएफ ७.१ देतं. म्हणजे विकली चुकीची, पण सहा वर्षांनंतर मोडणं त्याहून चुकीचं. चालू ठेवा, फक्त तिला कव्हर म्हणू नका, सक्तीची बचत म्हणा.

कव्हर वेगळं घ्यायचं. लोन ३८ लाख, घरखर्च महिना ५० हजार धरून २० वर्षांचे १ कोटी २० लाख, मुलीच्या शिक्षणाला २५ लाख, त्यातून पीएफ, फंड आणि ही पॉलिसी वजा केली की सव्वा ते दीड कोटी उरतात. दीड कोटीची टर्म घ्या, वय ६० पर्यंत. तुम्ही बीपीची गोळी घेता ना, ती फॉर्ममध्ये लिहायचीच, एजंट नको म्हणाला तरी. लोडिंग (बीपीमुळे वाढीव हप्ता) लागून प्रीमियम ४०-४५ हजारांपर्यंत जाईल, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही हे बरं झालं. फॉर्म भरतानाच एमडब्ल्यूपी अ‍ॅक्ट, १८७४ (विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा) च्या खाली घ्या, पैसे वहिनी आणि मुलीच्या नावाने ट्रस्टमध्ये जातात, देणेकऱ्यांचा हात लागत नाही. नंतर हा बदल करता येत नाही, म्हणून आधीच.

एफडीला हात लावायचा नाही. तुमचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात आणि एफडी दोन लाखांची, म्हणजे नोकरी गेली तर दोन महिने. ती सहा लाखांवर न्या, हवं तर वर्षभर एसआयपी अर्धी करून. टर्मची मेडिकल पुढच्या आठवड्यात करून घ्या, आणि मित्राला फोन करून ट्रॉली, टेकू आणि खडूची पूड घेऊन रविवारी पवनेला बोलवा. फायबरवाल्याला ओघळ दिसल्यावर बोलवायचं, त्याआधी नाही.